खुंटीवरचा भोपळा

"शिट्टी जनूला? वस्ताद, जनूला?"

दिगंबर घाटाच्या वरच्या पायरीवर उभा होता. सकाळची वेळ. पार्कचं फाटक अजून उघडलं नव्हतं. पायडलच्या होड्या काठाला बांधलेल्या होत्या.

येसबा वस्ताद खालच्या पायरीवर बसले होते. एका भोपळ्याची दोरी सैल झाली होती, ती आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सांगा की. या तळ्यात माझ्यापुढे कोण पोहतं?"

"चपला," वस्ताद म्हणाले.

दिगंबरच्या चपला उतरल्या. राग उतरला नाही.

सातोबाच्या तळ्यात गावाची पोरं येसबा वस्तादांच्या हाताखालीच पोहायला शिकली. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि पाण्यात ढकलायचं, अशी त्यांची शाळा. पुढे तळ्याकाठी पार्क झालं. होड्या आल्या, घसरगुंडी आली, पाहुण्यांसाठी नारंगी जॅकेटं आली. पोहण्याची जागा दोरखंडाने आखली गेली. पण घाटावरची खुंट्यांची फळी वस्तादांनी हलू दिली नाही.

फळीचा नियम जुना होता. पाण्यात उतरणाऱ्याने आपला भोपळा खुंटीवरून काढायचा. बाहेर आला की परत टांगायचा. पाहुण्यांची जॅकेटंही त्याच फळीवर. खुंटी रिकामी, म्हणजे माणूस पाण्यात.

आणि फळी भरल्याशिवाय वस्ताद तोंडात घास घालत नसत. लग्नाची पंगत असो नाहीतर उपासाची साबुदाण्याची खिचडी, आधी मान वळवून फळी बघायची आणि मग जेवायचं.

आता त्यांचे हात थरथरत होते. शिट्टी ज्याच्या गळ्यात, घाट त्याच्या हवाली. ती आपल्याच गळ्यात पडणार, हे दिगंबरने धरून ठेवलं होतं. गावानेही धरलं होतं. आणि आज सकाळी ती जनूच्या गळ्यात होती.

"जनूला हे तळं पार करता येत नाही," दिगंबर म्हणाला. "अर्ध्यात जातो आणि म्हशीसारखा तरंगत राहतो."

जनू बाजूलाच वल्ह्याच्या होडीतलं पाणी डब्याने उपसत होता.

"म्हैस बुडत नाही पण," तो म्हणाला.

"तू गप्प बस."

 डबा चालू राहिला.

"कालचंच घ्या," दिगंबर म्हणाला. "तुम्ही फळी बघून शेडमागे जेवायला बसला होतात. तुम्ही बघितलं नाहीत. मी दोरखंडाच्या पलीकडे गेलो, सरळ समोरच्या काठावरच्या वडापर्यंत. अख्खा काठ उभा राहून बघत होता. मोबाईल धरून. टाळ्या…"

"आणि?"

"आणि काय? एका पाहुण्या पोराला चेव आला. जॅकेट काढलं, खुंटीला अडकवलं आणि आला माझ्या मागे. गटांगळ्या खायला लागला. त्यात माझा काय दोष? मी त्याला बोलावलं होतं?"

"मग कोणी काढला त्याला?"

दिगंबरला हा प्रश्न नको होता.

"जनूने. पण कसा काढला ते विचारा. पाण्यात उतरलासुद्धा नाही. काठावरून दोरी बांधलेला भोपळा फेकला आणि ओढून घेतला. गुडघे भिजले नाहीत त्याचे. असा माणूस आता घाट सांभाळणार? मी पोचेपर्यंत तो थांबला असता, तर मी पाण्यातूनच त्याला…"

"पोरगा काय म्हणाला?"

"कोण पोरगा?"

"काढलेला."

दिगंबरने मान दुसरीकडे फिरवली. उत्तर जनूने दिलं.

"पाणी ओकला आधी. मग मी विचारलं, जॅकेट का काढलंस? तर म्हणाला, तो दादा कुठे घालतो?"

वस्तादांनी दोरीला शेवटची गाठ मारली. दाताने ओढून बघितली. उठून भोपळा त्याच्या खुंटीला टांगला आणि परत पायरीवर बसले.

दिगंबरला ते सोसेना.

"इतकी वर्षं तुमची सेवा केली. थंडीत तुम्ही म्हणालात तेव्हा उतरलो. दगड शोधून आणायला सांगितलेत, तळाशी जाऊन आणले. आणि घाट कुणाला? जो काठावर उभा राहतो त्याला. हा न्याय आहे? तोंडावर सांगा मला. माझ्या पोहण्यात खोट काय?"

"खोट नाही."

"मग?"

वस्तादांनी शेजारचं फडकं सोडलं. आत भाकरी होती, वर ठेचा.

"वडाला हात लावून ये," ते म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता."

दिगंबरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं समाधान आलं. त्याने सदरा काढला.

"बघा मग."

"भोपळा घेणार?"

दिगंबर हसला.

"मी? भोपळा?"

"तुझी मर्जी."

त्याने सूर मारला. पाणी फारसं उडालंही नाही. दोरखंडाखालून तो पलीकडे निघाला आणि रागाच्या भरात निम्मं तळं कापून गेला. वडाच्या मुळीला हात लावला. दम न घेता वळला.

परतताना मध्यावर पाणी गार होतं. पायात पाणवेल आली. त्याने ती झटकली, आणि पोटरीत गोळा आला.

गोळा नवा नव्हता. अशा वेळी उताणं व्हायचं, पाय सैल सोडायचा, हे त्याला वस्तादांनीच शिकवलं होतं. तो उताणा झाला. पाय सैल सुटेना. नाकात पाणी गेलं.

त्याने काठाकडे बघितलं.

वस्ताद तळ्याकडे पाठ करून बसले होते. तोंड फळीकडे. आणि जेवत होते.

दिगंबरने हात वर केला.

वस्तादांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"वस्ताद…"

हाक पाण्यावरून नीट गेली असणार. सकाळी तळ्यावर कुजबूजही पलीकडे ऐकू जाते. वस्ताद वळले नाहीत.

मग वल्ह्याचा आवाज आला. होडी त्याच्यापासून हातभर लांब थांबली. जनूने हात पुढे केला नाही. भोपळा टाकला.

"धर."

"नको."

"नको तर नको. मी इथेच आहे."

जनूने वल्हं आडवं ठेवलं.

"तुला वस्तादांनी पाठवलं?" दिगंबरने विचारलं. त्याला धाप लागली होती.

"नाही."

"मग आलास कशाला?"

"तू पाण्यात उतरलास, मी होडी तयार ठेवली. हात वर केलास, तशी भोपळा काढून सोडली. घाटाचं कामच ते."

दिगंबरने ओठ आवळले. पोटरी पुन्हा वळली. त्याने एक हात भोपळ्यावर ठेवला.

"कुणाला सांगणार नाही," जनू म्हणाला. "इथे मासेच आहेत. त्यांना आधीच ठाऊक झालं."

काठाला लागल्यावर दिगंबर लंगडत पायऱ्या चढला. गोळा सुटत आला होता. 

"तुम्ही पाठ फिरवलीत," तो म्हणाला. "मला पोहायला धाडलंत आणि पाठ फिरवलीत. मी हात वर केला. हाक मारली. तुम्ही जेवत बसलात."

वस्तादांनी फडकं थोडं पुढे सरकवलं.

तेव्हा दिगंबरला दिसलं. भाकरी अर्धीच संपली होती. मोडलेला घास फडक्यावर तसाच पडला होता. ठेच्याला लागलेला.

"हा घास का टाकलात?"

वस्तादांनी फळीकडे बोट केलं. फळीवर एकच खुंटी रिकामी होती.

"जनूची," ते म्हणाले.

जनूने हातातला भोपळा निथळला आणि त्या खुंटीला टांगला.

वस्तादांनी फळीवरून एकदा नजर फिरवली. मग टाकलेला घास उचलून तोंडात घातला.

दिगंबर बघत राहिला.

"जनू होडीत होता. कोरडा. त्याच्यासाठी तुमचा घास थांबला. आणि मी मध्यावर, पायात गोळा आलेला… माझ्यासाठी नाही थांबला?"

"तुझा भोपळा तो बघ."

दिगंबरचा भोपळा आपल्या खुंटीवर होता. त्यावर त्याने लहानपणी चुन्याने काढलेला मासा होता, अजून पुसला नव्हता. भोपळ्यावर धूळ बसली होती.

"तू घरी आहेस," वस्ताद म्हणाले.

"मी तुमच्या डोळ्यांदेखत उतरलो होतो."

"आज. काल? काल फळी भरलेली होती."

दिगंबरची नजर भोपळ्यावरच्या धुळीवर गेली. 

फाटकाकडे गलका ऐकू आला. पाहुणे आले होते. कुणाचं तरी पोर आत्ताच जॅकेट नको म्हणून रडत होतं. जनू शिट्टी सावरत तिकडे गेला.

दिगंबर पायरीवर बसला. त्याचा आवाज आता खाली आला होता, पण राग त्यात होताच.

"आणि मी बुडालो असतो तर, वस्ताद?"

वस्तादांनी फडकं गोळा केलं. त्याची गाठ बांधायला त्यांना बराच वेळ लागला. 

"भाकरी गोड लागली असती," ते म्हणाले. "काल लागली तशी."