बिननावाचा ठराव

पूर्वी शिरीषपूर नावाच्या नगरीत राजा नव्हता, तिथे सभाच राज्य करीत असे. त्या काळी बोधिसत्त्व एका सुताराच्या घरी जन्मले होते आणि सुवत्स या नावाने सभेचे शलाकाधर म्हणून काम पाहत होते.

शलाका म्हणजे मत देण्याची काडी. शिरीषपूरच्या सभेत ठराव तीनदा वाचला जाई. मग शलाकाधर दोन टोपल्या घेऊन सभासदांमधून फिरे. ठराव हवा असेल त्याने गेरूने रंगवलेली लाल काडी उचलायची, नको असेल त्याने काजळीची काळी, आणि मधल्या रांजणात टाकायची. बरोबरी झाली तर ठराव पडला असे धरीत. शलाकाधराला स्वतःची काडी नसे. तो कुणाच्याही बाजूचा नसावा, एवढीच त्याची पात्रता.

सभागृहात पूर्वेच्या भिंतीला एक लांब ओटा होता आणि पश्चिमेच्या भिंतीला एक. सकाळ-संध्याकाळचे ऊन सर्वांनी वाटून घ्यावे म्हणून पूर्वजांनी अशी सोय केली होती. पुढे ऊन विसरले गेले आणि ओटे तेवढे लक्षात राहिले. पूर्वेचे चाळीस जण उगवतीकर झाले, पश्चिमेचे चाळीस मावळतीकर. त्यांच्या विहिरी वेगळ्या झाल्या, न्हावी वेगळे झाले. मुलांची लग्ने मात्र एकमेकांत होत, कारण नगरीत तिसरे कोणी नव्हते.

दर हंगामाला कोठारात गणाचे, म्हणजे साऱ्या नगरीचे, धान्य येई. तट, रस्ते आणि पहारा यांचे भागून जे उरे, ते कशासाठी वापरायचे हे सभा ठरवी. गेली दोन वर्षे सभेने काहीच ठरवले नव्हते. उगवतीकरांच्या सोणकाला पाठशाळा हवी होती, मावळतीकरांच्या पिंगलाला आरोग्यशाळा. सोणकाची मुलगी पिंगलाच्या घरात दिलेली होती, त्यामुळे दोघे भांडत ते नाते राखून भांडत.

"आपल्या पोरांना अक्षर ओळखता येत नाही," सोणक म्हणे. "उद्या याच ओट्यांवर बसून ती काय वाचणार?"

"व्याहीबुवा, आधी पोरं उद्यापर्यंत जगू तर द्या!"

"जगून काय करतील? तुमच्या ओट्यावर येऊन डुलक्या काढतील!"

"डुलक्या परवडल्या. तुमच्याकडचा जागा माणूस ऐकवत नाही."

मग एक ओटा हसे, दुसरा ओटा पाय आपटे, आणि ठराव चाळीसाला चाळीस होऊन पडे.

हळूहळू एक नवीच सवय लागली होती. समोरच्या ओट्यावरचा माणूस बोलायला उठला की याने काळी काडी द्यायची, हे ठरलेलेच असे. मग टोपली यायची वाट कशाला पाहायची? सभासद घरूनच काळी काडी कमरेला खोचून येऊ लागले. बोधिसत्त्वांना हे काड्यांवरूनच कळले. काळ्या काड्या घामाने आणि बोटांनी घासून गुळगुळीत झाल्या होत्या, त्यांची काजळी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावावी लागे. लाल काड्यांवरचा गेरू मात्र पहिल्या दिवसासारखा कोरा होता. आपल्या ओट्याचा ठराव असला की टोपलीतून रांजणात टाकण्यापुरती ती दोन बोटांत धरली जाई.

एकदा ज्येष्ठाच्या दिवसांत बोधिसत्त्व सभागृहाच्या पायऱ्यांवर काळ्या काड्या रंगवत बसले होते. खालच्या वस्तीतली उत्पला तिथून चालली होती. नदीकाठच्या त्या वस्तीत कुंभार आणि बुरूड राहत. उत्पला तिथली सुईण. निम्मी वस्ती तिच्या हातावर जन्मली होती.

"सुवत्सा, या काळ्याच का रंगवतोस रे? लाल संपल्या?"

"लाल संपत नाहीत, मावशी. त्या कोणी मुठीत धरतच नाही."

ती पायरीवर टेकली. बराच वेळ तिने काड्या वाळताना पाहिल्या. मग तिने सांगितले, ते असे. गेल्या भाद्रपदात वस्तीत ताप आला. मावळतीकरांनी मोठ्या मनाने आपल्या वैद्याकडून घरोघर औषध पाठवले. दोन पुड्या, एक प्यायची आणि एक अंगाला चोळायची. कोणती कशासाठी, ते सोबत ताडपत्राच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. वस्तीत एकालाही वाचता येत नव्हते. तिच्या लेकीने थोरल्या मुलाला चोळायची पुडी पाण्यातून पाजली.

"चार वर्षांचा होता," उत्पला म्हणाली. "धाकटा आता दोनाचा होईल. भाद्रपद पुन्हा येतोच आहे." ती रडली नाही. "आत कोणी म्हणतं शाळा, कोणी म्हणतं वैद्य. माझ्या नातवाला दोन्ही लागत होतं रे. एकाच दिवशी."

बोधिसत्त्वांच्या मनात आले, दोन्ही टोपल्या उचलाव्या आणि नदीत भिरकावून द्याव्या. त्यांचा हात टोपलीवर गेलाही. पण टोपल्या बुडाल्या तरी ओटे तसेच राहणार होते. त्यांनी हात मागे घेतला आणि कुंचला खाली ठेवला.

गणाच्या नियमांत एक जुना नियम होता. सभेत जागा नसलेल्या माणसालाही शलाकाधराच्या तोंडून ठराव मांडता येई. ठराव कोणाचा, हे निकाल लागेपर्यंत उघड करायचे नाही. मात्र तो पडला तर शलाकाधराने पद सोडायचे, म्हणजे कोणी उगाच सभेचा वेळ घेणार नाही. साठ वर्षांत हा नियम कोणी वापरला नव्हता.

त्यांनी तो उत्पलेला समजावून सांगितला. ती म्हणाली, "आणि पडला तर तुझं कसं?"

"रंधा अजून घरीच आहे, मावशी. तुम्हाला काय हवं ते सांगा. तुमच्याच शब्दांत वाचतो."

बिननावाचा ठराव येतोय ही बातमी दुपारपर्यंत दोन्ही विहिरींवर पोचली. संध्याकाळी सोणक बोधिसत्त्वांच्या अंगणात आला. "सुवत्सा, एवढंच सांग, आमच्या बाजूचा आहे की त्यांच्या? पुढच्या हंगामात आमच्या ओट्यावर एक जागा रिकामी होते आहे. सुताराच्या घरातून आजवर कोणी तिथे बसलेलं नाही."

"आपण ऐका आणि ठरवा," बोधिसत्त्व म्हणाले.

तो गेला न गेला तोच पिंगल आला. त्याच्याकडेही एक जागा रिकामी होणार होती. त्यालाही तेच उत्तर मिळाले.

"ऐकून?" पिंगल गोंधळून म्हणाला. "नुसतं ऐकून कसं ठरवणार?"

दुसऱ्या दिवशी सभा भरली. दाराबाहेर वस्तीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. सभासद नसलेल्यांनी दारातून ऐकावे, बोलू नये, अशी रीत होती. बोधिसत्त्वांनी ठराव पहिल्यांदा वाचला.

"खालच्या वस्तीत एक घर बांधावं. त्याला दोन ओसऱ्या असाव्यात. एका ओसरीवर वैद्याने आजारी माणसं बघावी, दुसऱ्या ओसरीवर वस्तीतल्या पोरींना आणि पोरांना अक्षर शिकवावं. औषधाची चिठ्ठी पोरांनी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय औषध घरी नेऊ नये. कोठारात उरलेल्या धान्यातून वैद्य आणि शिक्षक दोघांचं पोट भरावं."

ऐंशी हात कमरेला खोचलेल्या काड्यांवर गेले आणि तिथेच थांबले.

"कुणाचा ठराव आहे?" मागून कोणी ओरडले.

"ते सांगायची रीत नाही."

सोणकाने मनाशी म्हटले, वैद्य आहे त्या अर्थी हे पिंगलाचेच काम. पिंगलाने मनाशी म्हटले, अक्षर आहे त्या अर्थी हा सोणकाचाच डाव. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांच्या चेहऱ्यावर सारखाच संशय होता, त्यामुळे दोघेही आणखी गोंधळले.

बोधिसत्त्वांनी ठराव दुसऱ्यांदा वाचला. या वेळी कोणी पाय आपटले नाहीत. कोणी ओरडेल तर ते आपल्याच बाजूविरुद्ध जायचे, अशी सर्वांना भीती होती. मग ऐकण्याखेरीज काही उरले नाही, आणि ऐकल्यावर प्रश्न पडू लागले. पावसात नदी चढते, मग घर कुठे बांधायचे? आजाऱ्यांच्या शेजारी पोरे बसवली तर त्यांना ताप नाही का लागणार? त्यावर एका उगवतीकराने सुचवले की मध्ये अंगण ठेवावे. समोरच्या मावळतीकराने मान डोलावली आणि आपण काय केले हे लक्षात येताच दचकला.

पश्चिमेच्या ओट्यावर हस्तिक नावाचे अतिशय वृद्ध सभासद होते. ते काठी टेकत म्हणाले, "चाळीस वर्षं इथे बसतो आहे. ठराव आज पहिल्यांदा ऐकला. बरा असतो की!"

दोन्ही ओटे एकदम हसले. असे शिरीषपुरात कधी झाले नव्हते.

मग एका तरुण उगवतीकराने विचारले, "पण पोरांनी चिठ्ठी वाचल्याशिवाय औषध न्यायचं नाही, ही अट कशाला? पुड्यांची अदलाबदल कधी झाली आहे का?"

बोधिसत्त्वांना उत्तर ठाऊक होते, पण शलाकाधराला मत सांगता येत नसे आणि नावही घेता येत नसे. दारात उत्पला उभी होती, तिलाही बोलायची मुभा नव्हती. तिच्या डोक्यावरची घागर मात्र हलली आणि थोडे पाणी उंबऱ्यावर सांडले.

पिंगलाने उंबऱ्याकडे पाहिले. मग घागरीखालच्या चेहऱ्याकडे पाहिले. भाद्रपदात खालच्या वस्तीत एक मूल गेल्याचे त्याने ऐकले होते, पण ते तापानेच गेले असेल असे समजून तो विसरला होता. तो सावकाश उभा राहिला.

"त्या चिठ्ठ्या माझ्या वैद्याने लिहिल्या होत्या," तो म्हणाला. "पाठवण्याआधी मी पाहिल्या होत्या. अक्षर फार सुंदर होतं." "वाचणार कोण, हे मी विचारलंच नाही."

आता सर्वांनी सोणकाकडे पाहिले. मुलांना अक्षर हवे असे दोन वर्षे ओरडणाऱ्या माणसाच्या हातात याहून धारदार शस्त्र कधी आले नसते. उगवतीकर पुढे सरसावून बसले. सोणकाने कमरेची काळी काडी काढून ओट्यावर ठेवली.

"बसा, व्याहीबुवा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही वैद्य तरी पाठवला. आमची पाठशाळासुद्धा वरच्या आळीतच निघणार होती."

बोधिसत्त्वांनी ठराव तिसऱ्यांदा वाचला आणि टोपल्या घेऊन ते रांगांमधून फिरले. मोजणी झाली तेव्हा रांजणात अकरा काळ्या काड्या निघाल्या आणि एकोणसत्तर लाल.

लाल काड्यांवरचा गेरू आजवर कोणी घट्ट धरून पाहिला नव्हता. ज्येष्ठाच्या उकाड्यात घामेजलेल्या मुठींमध्ये तो सगळा उतरला. सभा सुटली तेव्हा एकोणसत्तर माणसे तांबडे तळवे घेऊन पायऱ्या उतरली, आणि त्या तळव्यांवरून कोण उगवतीकर आणि कोण मावळतीकर, हे कोणालाही ओळखता येईना.

भाद्रपदापूर्वी घर उभे राहिले. त्याची दारे बोधिसत्त्वांनी स्वतः रंधली. ठराव उत्पलेचा होता, हे निकालानंतर रीतीप्रमाणे जाहीर झाले होते. तरीही उगवतीकर सांगत राहिले की ही पाठशाळा आमची, आणि मावळतीकर म्हणत राहिले की आरोग्यशाळा आमची. कोणी तक्रार घेऊन आले की बोधिसत्त्व हसत आणि म्हणत, "म्हणू दे. दोघेही आपलं म्हणतात तोवर ते घर कोणी पाडणार नाही." आणि उत्पलेचा धाकटा नातू पाच वर्षांचा झाला तेव्हा दुसऱ्या ओसरीवर बसून वस्तीच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचू लागला. 'चोळायचे' हा शब्द तो सर्वांत मोठ्याने वाचत असे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे एक खोली रिकामी झाली होती. ती आजारी भिक्खूंना द्यावी की शिकणाऱ्या श्रामणेरांना, यावरून दोन तट पडले होते आणि दोन्हीकडचे भिक्खू जेवायलाही वेगळे बसू लागले होते. कथा संपवून शास्ता म्हणाले, "त्या वेळचा सोणक म्हणजे या खांबाशी बसलेला चित्तल. पिंगल म्हणजे त्याच्याकडे पाठ करून बसलेला कोकनद. उत्पला म्हणजे रोज सकाळी इथे पेज घेऊन येणारी उपासिका. आणि सुवत्स शलाकाधर मीच होतो."

हे ऐकून कोकनद वळून बसला.

या जन्मात बोधिसत्त्वांनी जी पारमिता, म्हणजे एका गुणाची परिपूर्ण साधना, पूर्ण केली, तिचे नाव उपेक्षा. आपण हा शब्द दुर्लक्ष या अर्थाने वापरतो. धम्मात त्याचा अर्थ निराळा आहे: कुणाच्याही बाजूला न कलता सर्वांकडे सारख्या नजरेने पाहणे. खालच्या वस्तीने वर्षानुवर्षे पहिल्या अर्थाची उपेक्षा सोसली होती. त्या एका दिवशी तिच्या वाट्याला दुसऱ्या अर्थाची आली.