बारा पावलांवरचा माठ

ही गोष्ट खरी आहे. आईशप्पथ खरी आहे. माझे एक चुलते मालवाहू बोटीवर खलाशी होते, त्यांनी ती आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आता मला चुलते एकच, ते मिरजेच्या पलीकडे कधी गेले नाहीत आणि समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिला, हा भाग वेगळा. गोष्ट खरी आहे.

तर त्या किनाऱ्यावरच्या एका देशात एक मेजर होता. फार पूर्वी नाही, रेडिओ आल्यानंतरच.

त्या देशात माणशी एक स्टूल असे. बुटकं, एकाच ओंडक्यातून कोरलेलं. मूल बसायला लागलं की त्याचं स्टूल कोरायला टाकायचे आणि मरेपर्यंत ते त्याचंच. उठून जाताना माणूस आपलं स्टूल आडवं करून ठेवी. आडवं स्टूल म्हणजे मालक परत येणार आहे. त्यावर कोणी बसत नसे. कोंबड्या चोरणारा चोरसुद्धा आडव्या स्टुलाला वळसा घालून जाई.

त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला मात्र स्टुलाची लाज वाटे. त्यानं परदेशातून खुर्ची मागवली होती. शिसवी, चामड्याच्या गादीची, पितळी खिळ्यांची, आणि इतकी जड की हलवायला आठ माणसं लागत. ती आडवी कोण करणार? उभीच असायची. सरकारी दवाखान्यात तापाची गोळी मिळत नव्हती आणि राष्ट्राध्यक्षाच्या कुत्र्याला दोन डॉक्टर होते, असा एकंदर कारभार.

एकदा राष्ट्राध्यक्ष कवळी बसवून घ्यायला परदेशी गेला. त्या दिवशी मेजर चाळीस शिपाई घेऊन महालात शिरला आणि खुर्चीत बसला. एक गोळी सुटली नाही. मग तो रेडिओवर बोलला, "मी कुणाची जागा घेतलेली नाही. खुर्ची उभी होती आणि रिकामी होती. आपल्या रीतीप्रमाणे जी बैठक आडवी केलेली नाही, ती बसेल त्याची. भुईमूग काढेपर्यंत मी बसतो. मग तुमचा देश तुम्हाला."

लोक बेहद्द खूश झाले. मेजरची आई दूर उत्तरेला एका खेड्यात राहायची. तिनं शेजारणीच्या रेडिओवर मुलाचा आवाज ओळखला आणि घरातले होते नव्हते तेवढे शेंगदाणे भाजून गावाला वाटले. राजधानीतला एक म्हातारा, स्टुलं कोरणारा, तेवढा खोडा घालत होता. त्याचं म्हणणं, पोरानं रीत अर्धीच सांगितली. आडवं केलेलं घेऊ नये, एवढीच रीत. उभं दिसेल ते घ्यावं, असं कुणाच्या आज्यानंही सांगितलेलं नाही. लोक त्याला म्हणाले, बाबा, तू आपला लाकूड तास.

पहिले दोन महिने मेजरनं काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? दवाखान्यात गोळ्या आल्या. कुत्र्याचे दोन्ही डॉक्टर माणसं तपासू लागले.

मग एका दुपारी मेजर जेवून हात धुवायला उठला. परत येतो तर त्याचा सगळ्यात विश्वासू सार्जंट खुर्चीच्या हातावर तळवा ठेवून उभा.

"धूळ झटकत होतो, साहेब," सार्जंट म्हणाला.

धूळ खरंच होती. वाळवंटाकडून कोरडा वारा सुटायचे दिवस होते ते, सगळ्या देशावर पिठासारखी धूळ बसते. पण मेजरची नजर त्या तळव्यावरच होती. रेडिओवर आपण काय बोलून बसलो, ते त्याला त्या क्षणी नीट ऐकू आलं. खुर्ची उभी. उठलं की रिकामी. रिकामी ती बसेल त्याची. सार्जंटची बदली वाळवंटातल्या चौकीवर झाली. तिथं झटकायला भरपूर धूळ होती.

त्यानंतर मेजर उठलाच नाही. जेवण खुर्चीत, झोप खुर्चीत, दाढी खुर्चीत. आंघोळ कशी करायचा ते विचारू नका, मुलं ऐकताहेत. भुईमूग निघाला, तेव्हा रेडिओवर सांगितलं की यंदाचं पीक बारीक आहे, पुढच्या वर्षीचं धरू. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी सांगायचंही सोडून दिलं.

पण बसलेला माणूस दिसला की त्याला धडकी भरे. त्याला वाटे, आज हा स्टुलावर बसतोय, उद्या खुर्चीवर बसेल. म्हणून हुकूम निघाला की मेजरखेरीज देशात कोणी बसायचं नाही. शिपायांनी घराघरांतून स्टुलं गोळा करून चौकात होळी केली. भाजीवाल्या दिवसभर उभ्यानं विकू लागल्या. शाळेतली पोरं उभ्यानं लिहू लागली. बाजारात दोन म्हाताऱ्या उभ्या उभ्याच गेल्या आणि गर्दीत संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. स्टुलं कोरणाऱ्या म्हाताऱ्याला त्याच्याच दारातल्या झाडाला टांगलं. तोही उभाच दिसत होता.

इकडे मेजरची आई आजारी पडली. तिनं निरोप धाडला, येऊन जा. मेजरनं डॉक्टर धाडला. तिनं पुन्हा निरोप दिला, औषध नको, तू ये. त्यानं तांदळाचं पोतं आणि ब्लँकेट धाडलं. त्या देशात आपल्यासारखंच आहे, मरताना शेवटचं पाणी पोटच्या पोराच्या हातचं लागतं, आणि तिला हा एकुलता एक. तिसरा निरोप आला तो असा: तू राहू दे, मीच येते.

चार दिवस बैलगाडीत हेलकावे खात म्हातारी आली. काखेत एक स्टूल होतं, टीचभर, लहान मुलाचं. दारावरच्या शिपायानं अडवलं की स्टुलाला बंदी आहे. ती म्हणाली, "हे त्याचंच आहे. त्याला विचार, जाळू का म्हणून." शिपायानं वाट सोडली.

दरबारात चाळीस माणसं उभी होती. मेजरच्या मागं, खुर्चीच्या पाठीला खेटून, नवा कॅप्टन उभा होता. हा धूळ झटकत नसे. हाताची घडी घालून नुसता उभा राही. आई आत आली की मुलानं उठून उभं राहायचं, ही तिथली रीत. मेजर बसूनच राहिला. चाळीस माणसांनी जमिनीकडे पाहिलं.

म्हातारीनं ते छोटं स्टूल खाली ठेवलं आणि स्वतःच त्यावर टेकली. देशात तीन वर्षांत दुसरं माणूस बसलं ते हे.

"पायाला काय झालं रे?" तिनं विचारलं. "लहानपणी तर घरात ठरत नव्हतास."

"पायाला काही नाही, आई."

"मग ऊठ. मला पाणी दे. तेवढ्यासाठी आलेय."

पाण्याचा माठ दाराशी होता. खुर्चीपासून बारा पावलांवर. मेजरनं कॅप्टनला खूण केली. कॅप्टन जागचा हलला नाही. एका शिपायानं धावत जाऊन भोपळ्याचा तुंबा भरून पाणी आणलं. म्हातारीनं तोंड फिरवलं.

"याला मी नाही जन्म दिला," ती म्हणाली.

"आई, मी उठलो की मागचा बसेल," मेजर हलक्या आवाजात म्हणाला.

म्हातारीनं कॅप्टनकडे पाहिलं. मग मुलाकडे. "बसेल," ती म्हणाली. "तू बसलास तसाच बसेल. आणि मी काही संध्याकाळपर्यंत टिकत नाही. काय ते बघ."

मेजरनं बारा पावलं डोळ्यांनी मोजली. मग तो उठला. तीन वर्षांनी उठला, त्यामुळे पहिल्या पावलाला गुडघा वाकला. पडत धडपडत माठापर्यंत गेला, तुंबा बुडवला, निम्मं पाणी सांडत परत आला आणि जमिनीवर बसून आईच्या ओठांना लावला. ती प्याली. घोट घेता घेता तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला.

मागं चामडं करकरलं.

"खुर्ची उभी होती, साहेब," कॅप्टन म्हणाला. "आणि रिकामी होती."

शब्द मेजरचेच होते. त्यानं आईला खाली निजवलं आणि ते छोटं स्टूल हळूच आडवं केलं. मग त्याला मुदपाकखान्यामागच्या भिंतीकडे नेलं. या वेळी मात्र गोळ्या सुटल्या. कॅप्टन अजून बसलेला आहे. उठत नाही म्हणतात.

तात्पर्य: ज्या सबबीवर माणूस दुसऱ्याची जागा बळकावतो, त्याच सबबीचा तो जन्मभर कैदी होतो.

आता आईची शपथ घेऊन बसलोय म्हणून कबूल करतो. चुलत्यांचं तुम्ही ओळखलंच असेल. पण आणखी एक जागा मी रचली. मेजर उठला, ती. मुलांना सांगताना म्हातारीला तहानलेली ठेववत नाही, म्हणून उठवला. खरं तर तो अर्धाच उठला होता. कॅप्टननं हाताची घडी सोडली, आणि मेजर परत टेकला. म्हातारी त्या टीचभर स्टुलावर उन्हं कलेपर्यंत वाट पाहत बसली, मग कलंडली. पुढचा भुईमूग निघायच्या आत आठ जणांनी खुर्ची मेजरसकट आडवी केली. पाय इतके वाळले होते की भिंतीपर्यंत त्याला उचलून न्यावं लागलं. माठ वाटेतच होता.