भिवराचं घर, धोंडशेटचा गूळ

"विडा उचललात? मला न विचारता?"

येसू तांबट बायकोपुढे, भिवरापुढे, मान खाली घालून उभा होता. रत्नवाडीची रीतच होती: घर विकणाऱ्याने विडा पुढे करायचा, घेणाऱ्याने उचलला की सौदा पक्का. मग तो राजासुद्धा मोडत नसे. येसूने गुळाचे व्यापारी धोंडशेट यांचा विडा नुसता उचलला नव्हता, खाऊनही टाकला होता! घराची किंमत चारशे रुपये. नऊ वर्षं भांडी ठोकून दोघांनी साठवले होते तेवढेच.

"अगं, भिंती काय पांढऱ्याशुभ्र आहेत!" येसू म्हणाला.

"म्हणूनच तर धडकी भरलीय! सण नाही, लग्न नाही, उगाच कोण चुना फासतं? चुन्याखाली काय आहे?"

"ते... आत जाऊन बघायचं राहिलं."

काळजी करण्यात भिवराचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. दूध उतू जाईल म्हणून ती चूल पेटण्याआधीच फुंकर मारते, असं तिच्या सासूबाई म्हणत. आता तर कडेवर सात महिन्यांची सोनी होती. तिला आधीच खोकला, त्यात घर ओलं निघालं तर? भिवरा तडक दरबारात गेली. मागोमाग येसू.

"उचललेला विडा खाली ठेवता येत नाही!" मानाजीराजे म्हणाले.

"खरंय महाराज. पण घर गळकं निघालं तर?"

"गळकं?" धोंडशेट कळवळले. "अहो, घर आहे की मोत्याचा दाणा!"

"मग आत जाऊन बघू द्या."

"पैसे मोजेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. तीही रीतच आहे, बाई!"

राजांना हट्ट आणि गंमत दोन्ही प्रिय. ते पुढे सरसावून बसले.

"ऐक, पोरी. घरात काय बिघडलंय आणि दुरुस्तीला किती लागेल, ते उद्या मावळतीच्या आत सांग. उंबरा ओलांडायचा नाही, भिंतीला हात लावायचा नाही. बरोबर सांगितलंस तर दुरुस्ती शेटच्या खर्चाने. चुकलीस तर मुकाट्याने चारशे मोजायचे!"

दरबारी गालात हसले. भिवराचं तोंड मात्र थांबलं नाही.

"चालेल महाराज. फक्त एक मागणं. आमच्यात नव्या घरात माणसाआधी गूळ शिरतो. शेटजींनी उद्या सकाळी आपल्या शंभर ढेपा तिथे रचाव्यात. संध्याकाळी खुशाल परत न्याव्यात."

"एवढंच ना?" धोंडशेट खूश झाले. "रचतो की!"

"अगं, गुळाने काय होणार?" बाहेर पडताना येसू कुजबुजला.

"मलाही नक्की ठाऊक नाही," भिवरा म्हणाली. "चुकलं तर चारशे मोजून गळकं घर, बरोबर आलं तर धड घर. तुम्ही तोवर दुसरा विडा मात्र खाऊ नका!"

सकाळी गुळाच्या गाड्या आल्या. भिवरा सोनीला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. राजेही गंमत बघायला तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. आत धोंडशेट हमालांच्या मागेपुढे नाचत होते. आपला गूळ डोळ्यांसमोर असला की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

"शेटजी, या भिंतीशी लावू?" राणबा हमालाने विचारलं.

"तिथे नको. मध्ये ठेव."

"सैपाकघर मोकळं आहे की."

"तिथेही नको!"

"मग माळ्यावर चढवतो."

"माळ्यावर? एवढं वजन? तुळई वाळवीने पोखरलीय, माझ्या डोक्यात पाडतोस का!"

राणबा दमला होता. त्याने खांद्यावरची ढेप उत्तरेच्या भिंतीला टेकवली. धोंडशेट किंचाळले, "उचल! उचल आधी! पाझर आहे तिथे, पाघळेल सगळा!"

"सैपाकघराचं काय ते राहिलं, शेटजी," बाहेरून भिवराने आदबीने विचारलं.

"कौलं फुटलीत तिथली, दव पडलं तरी गळतात—" धोंडशेट बोलता बोलता वळले. दारात राजे उभे होते. मधल्या खोलीत शंभर ढेपा छताला भिडल्या होत्या आणि बाकी घर रिकामं!

"महाराज," भिवरा म्हणाली, "उत्तरेची भिंत, माळ्याची तुळई, सैपाकघराची कौलं. मी उंबरा ओलांडला नाही."

"आणि खर्च?" राजांनी हसू दाबत विचारलं.

"अगदी किरकोळ!" धोंडशेट घाईने म्हणाले. "दहा रुपयांत सगळं होतंय!"

"मग शेटजी, मी चारशे दहा देते. दुरुस्ती तुम्हीच करून द्या."

"दहात? अहो, तुळईच पंधराची! भिंत पायापासून उतरवायची, कौलं, गवंडी, सुतार... ऐंशीच्या खाली एक दमडी—"

धोंडशेटांनी जीभ चावली. राजे पोट धरून हसू लागले.

"ऐंशी! ऐकलंत ना सगळ्यांनी? पोरी, घर पारखायला कुठे शिकलीस?"

"मला घरातलं काही कळत नाही महाराज. भिंत बघितली की नुसती धडधड होते. ज्याला कळतं त्यालाच बोलतं केलं."

महिनाभर गवंडी-सुतार राबले, शेटच्या खर्चाने. काम झाल्यावर राजे स्वतः धोंडशेटांना बरोबर घेऊन आले, आणि भिवराला इनाम म्हणून त्यांनी पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा आणला. तो माळ्याच्या तुळईला टांगला गेला. येसू सोनीला घेऊन बसायला निघाला.

"थांबा," भिवरा म्हणाली. "शेटजी, घर तुमच्या हातचं. पहिला झोका तुमचा!"

धोंडशेटांनी वर पाहिलं. मग झोपाळ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे.

"उद्या बसलो तर चालेल?" ते घाम पुसत म्हणाले. "नाही म्हणजे... तुळई तेवढी जुनीच आहे. नुसता रंग दिलाय."

राजे इतके हसले की त्यांनाच दाराचा आधार घ्यावा लागला. नवी तुळई त्याच दुपारी राजवाड्याच्या वखारीतून आली, आणि ती वाहून आणायला राणबासोबत दुसऱ्या टोकाला धोंडशेट होते.