एका दिवसाचा जमादार

"पेन्शनचा खर्च कमी झालाच पाहिजे! पण मिळते त्यातली कुणाची पै कापायची नाही आणि एकाही नोकराने कुरकुर करायची नाही!" हिवरगावच्या राजेसाहेबांनी दिवाणांना बजावलं. आठ दिवसांत तोड निघाली नाही, तर यापुढे निवृत्त होणाऱ्यांची पेन्शन बंद.

हे ऐकून सटवाजी दिवाबत्तीवाला बोटांवर दिवस मोजू लागला. तो निवृत्त व्हायचा होता नेमका नवव्या दिवशी. चाळीस वर्षं शिडी खांद्यावर घेऊन त्याने रस्त्यावरचे कंदील लावले होते आणि त्याची कमाई म्हणजे दोन दुखरे गुडघे.

हिवरगावची रीत अशी, की नोकरीच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला बढती देऊन जमादार करायचं आणि त्या एका दिवसाच्या पगारावर जन्मभराची पेन्शन ठरवायची. त्यामुळे गावात कंदील सव्वीस आणि दिवाबत्तीचे निवृत्त जमादार एकतीस! सटवाजीनेही त्या दिवसासाठी नवा कोट शिवला होता. बायकोच्या मते कोट आखूड होता आणि जमादार त्याहून आखूड.

आठव्या दिवशी दिवाण मान खाली घालून बसले, तेव्हा तोच कोट चढवून सटवाजी दरबारात उभा राहिला.

"सरकार, लग्नाच्या दिवशी नवरदेवाला घोड्यावर बसवतात. म्हणून त्याला जन्मभर घोड्याचा चारा पुरवतात का?"

मग त्याने उलगडून सांगितलं. आज पेन्शन घेतात त्यांची तशीच राहू द्या. पुढच्यांची एका दिवसाची जमादारी बंद करा. त्याऐवजी दरवर्षी पगार थोडाथोडा वाढवा, घरात पोरं लहान असतात तेव्हाच. आणि पेन्शन ठरवा सगळ्या नोकरीच्या सरासरीवर. चार पैसे वेळेवर हातात पडले, तर कुरकुर कोण करील?

पगार वाढवून तिजोरीचं काय भलं होणार, असं दिवाणांनी खेकसून विचारलं.

"काम संपलं की पगार थांबतो, दिवाणसाहेब. जमादाराची पेन्शन थांबत नाही. आमचे एकतीसच्या एकतीस ठणठणीत आहेत!"

राजेसाहेबांनी कसंबसं हसू दाबलं. "अरे, पण यात तुझीच जमादारी बुडाली. वाढीव पगारही तुला मिळाला नाही."

"एवढी अक्कल असती सरकार, तर चाळीस वर्षं शिडी वाहिली असती का?"

आता मात्र राजेसाहेब खदखदून हसले. उद्या सटवाजीला शेवटचा जमादार करा, पेन्शन जमादाराचीच द्या, असा त्यांनी तिथल्या तिथे हुकूम दिला. "आणि याला एक घोडा द्या. चारा जन्मभर आमच्या पागेतून!"

सटवाजीने वाकून मुजरा केला. पागेतून आणलेल्या त्या उंच घोड्याकडे त्याने खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सरकार," तो म्हणाला, "मग शिडी एवढ्यात परत करत नाही."