टिटवी, हौद आणि राणीची झोप

"माझं मेलं कुणी खरं मानतच नाही!"

एका जुन्या राजबागेत एक टिटवी राहत असे, आणि मुलांनो, तिची ही तक्रार अगदी रास्त होती. नदीकाठच्या गोंगाटाला विटून ती नुसती बाग बघायला म्हणून आली आणि तिथलीच होऊन गेली. जागाच तशी होती. राजाराणी जाऊन कैक पिढ्या लोटल्या, पण दगडी हौद अजून काठोकाठ भरलेला, बकुळीखाली फुलांचा सडा, आणि शांतता अशी की पान गळले तरी ऐकू यावे. हौदाखालच्या उतारावर, खडीत, टिटवीने चार अंडी घातली. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. जमीन हेच तिचे घर.

त्या बागेचा एक रिवाज होता. पूर्वी राणी बकुळीखाली वामकुक्षी करत असे, म्हणून तिथे कुणी आवाज चढवायचा नाही. राणी गेली, तिची झोप तेवढी मागे राहिली. ती राखायचे काम मोराने आपण होऊन अंगावर घेतले होते. दुसरे काही काम नव्हतेच त्याला.

एका सकाळी टिटवीच्या पायांना ओल लागली. बघते तर हौदाच्या भिंतीखाली ताजी माती उकरलेली, आणि आत घूस पोखरते आहे! हौद फुटला तर अंडी जाणार. टिटवीने जिवाच्या आकांताने हाका मारल्या, "घूस शिरली! हौद फुटतोय! उठा रे!"

मोर तुरा सावरत आला. "टिटवीबाई, ही राजबाग आहे, नदीचा घाट नव्हे. राणीसाहेब झोपल्यात."

"कुठली राणी? दाखवा तरी मला!"

"दिसत नाहीत, म्हणजे गाढ झोपल्यात."

खारी खुदकन हसल्या. "अगं, आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी ही! हिचं काय ऐकायचं?"

"माझ्या पायांचं राहू द्या, तुमच्या पायांखाली बघा!" टिटवी कडाडली. पण "श्श! श्श!" करत सगळ्यांनी तिलाच गप्प बसवले. बिचारी अंड्यांवर पंख पसरून बसली. सोडून कुठे जाणार?

हौदात एक म्हातारे कासव होते. दुपारी ते डोके वर काढून म्हणाले, "ताई, माझी बसायची पायरी रोज पाण्यात असते, आज कोरडी कशी?"

"सकाळपासून बोंब मारतेय, ती काय हौस म्हणून, दादा?"

एवढ्यात भिंतीखालून पाण्याची धार फुटली. उतारावर मोर पिसारा फुलवून उभा होता. पिसारा भिजला मात्र, तो असा किंचाळला की वटवाघळेसुद्धा जागी झाली.

"हळू, मोरराव," टिटवी म्हणाली, "राणीसाहेब उठतील."

कासवाने मात्र बुडी मारली, पाणी जिकडे ओढत होते तिकडे गेले आणि आपली पाठ त्या भोकाला बुचासारखी घट्ट लावली. अंड्यांपासून वीतभर अंतरावर धार थांबली. मोराची किंकाळी ऐकून माळी धावत आला. त्याने बाहेरून दगड-चुना ठासून भरला, तेव्हाच कासव जागचे हलले. पाठ सोलून निघाली होती.

पुढे पिल्ले अंड्यांतून निघाली ती त्याच पाठीवर खेळू लागली. "हळू रे, मामाला दुखतं!" टिटवी दिवसभर ओरडे, आणि आता तिला श्श म्हणायची कुणाची छाती नव्हती.

धार थांबली त्या दिवशी सगळे घुशीला शिव्या देत होते. टिटवी म्हणाली, "घुशीला दात आहेत, ती पोखरणारच. पण सांगणारीचं तोंड कुणी दाबलं, ते बोला की!"

खारींनी माना खाली घातल्या. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच्याच भिजक्या पिसाऱ्याकडे वळल्या.

तात्पर्य : संकट आणणाऱ्यापेक्षा संकट सांगणाऱ्याला गप्प करणारा जास्त घातकी. भोक पाडले घुशीने, पण बाग बुडवायला निघाला होता तो मोर.