बकरीच्या गळ्यातली भोवरकडी

फार फार मागं, तुमच्या आज्याची पणजीसुद्धा रांगत नव्हती तेव्हा, एका गावात एक लोहार राहायचा. हात सोन्याचे, डोकं मात्र ऐरणीसारखं. कितीही हाणा, आवाज मोठा, आत काही जायचं नाही.

त्याचा भाता बकरीच्या कातड्याचा. भात्याच्या तोंडाला नळी, नळीतून वारा भट्टीत. बायको भाता ओढायची, लोहार घण मारायचा. सगळं झकास. फक्त कातडं आणि नळी जिथं जुळतात, तो जोड काही टिकत नव्हता. फुस्स व्हायचं आणि निखारे रुसून बसायचे.

लोहार सुताराकडं गेला. सुतार म्हणाला, "बाभळीचं कडं घाल. दगड बरा, असं लाकूड!" घातलं. कडं उललं.

मग गेला तांबटाकडं. तांबट हसला. "लाकूड चुलीत घालायचं असतं रे, भात्याला नव्हं. तांब्याचं घे." घेतलं. कडं राहिलं ठणठणीत, पण त्याच्यामागचं कातडंच फाटलं. कातडं फाटलं म्हणजे काय झालं, कळलं ना? गोठ्यातली एक बकरी कमी झाली.

लोहार इरेला पेटला. त्यानं स्वतः लोखंडाचं कडं घडवलं, नळीला खिळ्यांनी ठोकून पक्कं केलं. हत्ती लावला तरी हलायचं नाही! या खेपेला तर कातडं आणखीच लवकर फाटलं. आणखी एक बकरी गेली.

आता लोहार चक्रावला. जोड जितका पक्का, कातडं तितकं लवकर फाटतंय. हे उलटं कसं? बकऱ्याच कच्च्या निपजायला लागल्या? का लोखंडाला भूत लागलं? त्यानं भाता सुलटा पाहिला, उलटा पाहिला, शेवटी स्वतःच वाकून खालून पाहिला. कमरेत उसण भरली, बाकी काही हाती लागलं नाही.

तिचंही कातडं फाटलं आणि गोठ्यात आता एकच बकरी उरली. लोहारणीची लाडकी, दुभती. लोहार सुरी परजायला बसला. लोहारीण दारात उभी राहिली. "तिला हात लावलात तर भाता तुमचा तुम्ही ओढा. मी चालले माहेरी."

"अगं, मग वारा कुठनं आणू? फुंकर घालू?"

"घाला की! तोंडाची वाफ तर रोजच दवडता."

तेवढ्यात बकरी बोलली. "मालक, कापायच्या आधी एक विचारू?"

लोहारानं सुरी टाकली. "अगं, ही बोलते?"

"ती कायमच बोलते," लोहारीण म्हणाली. "तुम्ही ऐकायला आज बसलात."

बकरीनं मान ताठ केली. "माझ्या दोरात ही फिरती कडी कुणी घातली?"

"भोवरकडी? मीच घातली. गावातल्या सगळ्या जनावरांना मीच घालतो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तू खुंटाभोवती गरागरा फिरतेस. कडी फिरली नाही तर दोराला पीळ बसेल आणि तुटेल."

"मग माझ्या आईला का नाही घातली?"

लोहाराला काही उमजेना. आई? कुठली आई? बकरीनं भात्याकडं मान केली.

"जिवंत होती तोवर तिला फिरू दिलंत," बकरी म्हणाली. "मेल्यावर खिळे ठोकून आवळलीत."

"पण भाता कुठं फिरतो? तो तर एका जागी असतो!"

आता लोहारणीनं कपाळावर हात मारला. "अहो, उजवा हात भरून आला की मी डाव्या बाजूला जाते, डावा भरला की उजव्या. दर खेपेला भात्याला पीळ बसतो. कितीदा सांगितलं! तुम्हाला वाटायचं, बाई हाताचं रडगाणं गाते."

लोहार एकदा बायकोकडं बघे, एकदा बकरीकडं. दोघींपैकी आपल्याला जास्त कोण हसतंय, तेही त्याला कळेना.

मग तो उठला. फाटलेलं कातडं त्यानं ठिगळ लावून शिवलं. त्यानं दोन कडी घडवली, एकात एक बसणारी. एक कातड्याला, एक नळीला. मध्ये सूत गुंडाळलं, म्हणजे वारा निसटायचा नाही. सुताला माखायला त्यानं चरबीचं मडकं उचललं. बकरीनं नुसतं पाहिलं.

"एरंडेल चालेल," लोहार घाईनं म्हणाला.

लोहारीण डावीकडनं उजवीकडं गेली, उजवीकडनं डावीकडं आली. कडं तिच्याबरोबर वळलं. कातडं तसंच राहिलं, वारा सरळ भट्टीत गेला आणि निखारे फुलले.

तो भाता पुढं कितीतरी वर्षं चालला. परगावचे लोहार यायचे, जोड कुठल्या धातूचा म्हणून खोदून विचारायचे. लोहार म्हणायचा, "धातूचं राहू द्या. तुमचा भाता कोण ओढतं, तिला आधी विचारा." ते गोंधळून एकमेकांकडं बघायचे आणि घरी जाऊन आणखी जाड खिळे ठोकायचे. त्यांच्या गावात बकऱ्या फार काळ टिकत नसत.

म्हणून सांगते, लहानांनो आणि थोरांनो: आवळून धरलेला जोड फाटतो, वळायला जागा दिलेला टिकतो.