थोरल्या बाईसाहेबांची वाट

सरदारांच्या जुन्या बंगल्यातलं माडीवरचं भित्तिचित्र यमुनाबाईंच्या दिवंगत नवऱ्याने नव्याने रंग भरून उजळलं होतं. ते एकदा पाहायला त्या चाकांच्या खुर्चीतून आल्या.

व्यवस्थापक इंद्रजितरावांनी जिन्याकडे बोट दाखवलं. "वर जायला एवढाच रस्ता. या घरात उतार कधी नव्हता."

तेवढ्यात माडीवर चाकं घरघरली.

"आमच्या थोरल्या बाईसाहेब," ते ऐटीत म्हणाले. "पांगळ्या होत्या. वारल्या, तरी रोज चारला खुर्चीतून खाली येतात."

घरघर भिंतीआडून उतरत जिन्याशेजारच्या मोठ्या कपाटामागे थांबली.

"पायऱ्यांवर चाकं आदळतात, रावसाहेब," यमुनाबाई हळूच म्हणाल्या. "ही एकदाही आदळली नाहीत. त्यांचीच वाट मला दाखवा."

इंद्रजितरावांना कपाट सरकवावं लागलं. मागे लाकडी उतार होता आणि धुळीत चाकांच्या ताज्या रेघा.

यमुनाबाईंनी कुणाला तरी वाट द्यावी तशी खुर्ची बाजूला घेतली. मग त्या वर निघाल्या.